फुप्फुसविकारांतील रक्तवाहिन्यांचे एमआरआय परीक्षण

फुप्फुसविकारांतील रक्तवाहिन्यांचे एमआरआय परीक्षण म्हणजे चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाच्या साहाय्याने फुप्फुस धमनी, तिच्या शाखा, फुप्फुसातील सूक्ष्म रक्तप्रवाह आणि त्यांना रक्त पुरवणारा हृदयाचा उजवा भाग यांची रचना व कार्य तपासण्याची पद्धती होय. या तपासणीत क्ष-किरणांचा वापर होत नाही. रक्तवाहिनीचा आकार दाखवण्याबरोबरच तिच्यातून रक्त किती व कोणत्या वेगाने वाहते हेही मोजता येणे, हे तिचे मुख्य वैशिष्ट्य मानले जाते. फुप्फुसीय उच्च रक्तदाब, फुप्फुस धमनीतील गुठळ्या, दीर्घकालीन श्वसनमार्गरोधी विकार म्हणजे सीओपीडी आणि सिकलसेल विकार यांच्या अभ्यासात तिचा उपयोग होतो. तथापि, ती सर्वसाधारण फुप्फुसविकारात प्रथम करावयाची तपासणी नव्हे. अचानक उद्भवलेल्या दम्यासारख्या लक्षणांत किंवा गुठळीच्या संशयात आजही सीटी स्कॅनलाच प्राधान्य दिले जाते.

फुप्फुसातील रक्ताभिसरण

शरीरातील इतर अवयवांना हृदयातून निघालेल्या रक्ताचा वाटा मिळतो. फुप्फुसांना मात्र सर्वच्या सर्व रक्त मिळते. प्रौढ व्यक्तीत विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त हृदयाच्या उजव्या निलयातून फुप्फुस धमनीत जाते. शरीरातील बहुतेक धमन्यांत प्राणवायूयुक्त रक्त असते. फुप्फुस धमनी हा या नियमाला शालेय पुस्तकांतूनही सांगितला जाणारा अपवाद आहे. वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांतून जाण्यास तांबड्या पेशीला सेकंदाचा सुमारे पाऊण भाग लागतो आणि तेवढ्यात वायूंची देवघेव पूर्ण होते.

एवढे रक्त वाहत असूनही या अभिसरणातील दाब अतिशय कमी असतो. शरीराच्या मुख्य धमन्यांतील सरासरी दाब ९० मिमी पाऱ्याच्या आसपास असतो, तर फुप्फुस धमनीत तो साधारण १४ मिमी असतो. म्हणूनच उजव्या निलयाची भिंत डाव्याच्या मानाने बरीच पातळ असते. विकारामुळे फुप्फुसातील वाहिन्या अरुंद झाल्या, नष्ट झाल्या किंवा गुठळ्यांनी बुजल्या, तर कमी दाबाची सवय असलेल्या या पातळ निलयावर भार पडतो. ते प्रथम जाड होते, नंतर फुगते आणि शेवटी थकते. फुप्फुसविकाराच्या अनेक रुग्णांत पायांवर येणारी सूज हे या थकव्याचे दृश्य लक्षण होय. फुप्फुसाच्या वाहिन्यांची तपासणी करताना हृदयाच्या उजव्या बाजूचीही तपासणी का करावी लागते, हे यावरून स्पष्ट होते.

आणखी एक गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. फुप्फुसाच्या ज्या भागात प्राणवायू कमी पोहोचतो, तेथील रक्तवाहिन्या आपोआप आकुंचन पावतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळते. उल्फ फॉन ऑयलर व गोरान लिलयेस्ट्रांड या स्वीडिश शास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. विकार एखाद्या भागापुरता असेल तेव्हा ही व्यवस्था उपकारक ठरते. परंतु दोन्ही फुप्फुसांत सर्वत्र प्राणवायू कमी पडू लागला की सर्वच वाहिन्या आकसतात आणि दाब वाढत जातो.

इतिहास

अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचा शोध फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये स्वतंत्रपणे लावला. या गुणधर्मापासून प्रतिमा तयार करता येते हे पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये दाखवले. लॉटरबर आणि ब्रिटिश भौतिकीविज्ञ पीटर मॅन्सफील्ड यांना त्यासाठी २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रेमंड डमेडियन यांनी जुलै १९७७ मध्ये अमेरिकेत संपूर्ण मानवी धडाचे पहिले चित्र घेतले. ते छातीचेच होते आणि त्यासाठी पावणेपाच तास लागले. योगायोग असा की, ज्या छातीपासून या तंत्राची मानवी सुरुवात झाली, त्याच छातीतील फुप्फुसे पुढे कित्येक वर्षे या तंत्राला सर्वांत अवघड गेली. मेंदू, मणका आणि सांधे यांची चित्रे नेहमीची झाली, तरी फुप्फुसांच्या जागी केवळ काळा पोकळ भाग दिसत राहिला. १९९० च्या दशकात गॅडोलिनियमयुक्त द्रव्य शिरेतून देऊन एका श्वासाच्या अवधीत रक्तवाहिन्यांची त्रिमितीय चित्रे घेता येऊ लागली, तेव्हा परिस्थिती बदलली.

भारतात ही यंत्रे प्रामुख्याने आयात केलेली आहेत. पवई येथील आयआयटी मुंबईच्या परिसरात असलेल्या 'समीर' या केंद्र शासनाच्या संस्थेने १.५ टेस्ला क्षमतेचे देशी यंत्र विकसित करण्याचा प्रकल्प हाती घेतला. बंगळूरूच्या एका कंपनीने बनवलेल्या देशी यंत्राचे अनावरण २०२३ मध्ये झाले.

फुप्फुसाचे चित्र अवघड का?

एमआरआयमध्ये दिसतात ते मुख्यतः पाण्यातील व चरबीतील हायड्रोजनचे अणुकेंद्र. हे अणुकेंद्र लहान चुंबकाप्रमाणे वागतात. बाह्य चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यावर ते ठरावीक कंप्रतेने डोलतात. १ टेस्ला क्षेत्रात ही कंप्रता सेकंदाला सुमारे ४.२६ कोटी आवर्तने, म्हणजे ४२.६ मेगाहर्ट्झ असते. रुग्णालयांत सर्रास आढळणाऱ्या १.५ टेस्लाच्या यंत्रात ती सुमारे ६४ मेगाहर्ट्झ होते, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या थोडी खाली. त्याच कंप्रतेच्या रेडिओ लहरी सोडल्या की अणुकेंद्रे ऊर्जा घेतात आणि लहरी थांबल्यावर क्षीण संदेश परत देतात. झोपाळ्याला त्याच्या लयीतच झोका दिला तर तो उंच जातो, तसे हे अनुस्पंदन असते.

फुप्फुसांच्या बाबतीत दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे फुप्फुस बहुतांशी हवेने भरलेले असते. त्यात पाणी कमी, म्हणून संदेशही कमी. दुसरी अधिक त्रासदायक आहे. हवा आणि ऊती यांचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असतात. कोट्यवधी वायुकोशांच्या पातळ भिंतींवर या दोहोंच्या असंख्य सीमा निर्माण होतात आणि प्रत्येक सीमेवर चुंबकीय क्षेत्र किंचित बिघडते. परिणामी अणुकेंद्रे परस्परांच्या लयीतून सुटतात आणि संदेश एक-दोन मिलिसेकंदांतच विरून जातो. चुंबक जितका शक्तिशाली तितका हा बिघाड मोठा. त्यामुळे 'मोठ्या टेस्लाचे यंत्र म्हणजे चांगले यंत्र' ही समजूत मेंदूच्या बाबतीत बरीचशी खरी असली, तरी फुप्फुसांना लागू पडत नाही. अलीकडे ०.५५ टेस्लाच्या कमी क्षमतेच्या यंत्रांवर फुप्फुसांची चांगली चित्रे मिळाल्याचे संशोधकांनी दाखवले आहे.

याशिवाय छाती श्वासाबरोबर व हृदयाच्या ठोक्याबरोबर सतत हलत असते. बहुतेक चित्रांसाठी रुग्णाला १५ ते २० सेकंद श्वास रोखण्यास सांगितले जाते. निरोगी माणसाला हे सोपे असते. दम लागणाऱ्या माणसाला मात्र याच गोष्टीचा त्रास असतो. अशा वेळी श्वास सोडून-घेऊन छोट्या टप्प्यांत चित्रे घेणे किंवा श्वासाच्या हालचालीचा मागोवा ठेवून नंतर चित्रे जुळवणे, असे उपाय योजले जातात.

पद्धती

रक्तवाहिन्यांची मांडणी पाहण्यासाठी गॅडोलिनियमयुक्त कॉन्ट्रास्ट द्रव्य हाताच्या शिरेतून देतात. त्यामुळे रक्ताचा संदेश उजळतो आणि फुप्फुस धमनीचा वृक्ष तिच्या लहान शाखांपर्यंत उमटतो. हेच द्रव्य फुप्फुसातून जात असताना दर एक-दोन सेकंदांनी चित्र घेतले, तर रक्त कोणत्या भागात लवकर पोहोचते, कोठे उशिरा आणि कोठे मुळीच नाही, याचा नकाशा मिळतो. याला रक्तभरण चित्रण म्हणता येईल. कॉन्ट्रास्ट द्रव्याविना केवळ श्वास व नाडी यांच्या लयीतील संदेशबदलांवरून असाच नकाशा काढण्याच्या पद्धतीही विकसित झाल्या आहेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्तींच्या दृष्टीने त्या महत्त्वाच्या आहेत.

प्रवाह मोजण्याची पद्धत या तंत्राची खरी खुबी आहे. चुंबकीय क्षेत्रात क्षणभर एका दिशेने उतार निर्माण केला आणि लगेच तेवढाच उलट दिशेचा उतार दिला, तर स्थिर अणुकेंद्रांवर दोन्हींचा परिणाम परस्परांत विरून जातो. परंतु दरम्यानच्या काळात रक्त पुढे सरकलेले असते, त्यामुळे त्यातील अणुकेंद्रांची लय थोडी पुढे-मागे होते. हा फरक वेगाच्या प्रमाणात असतो. म्हणजेच चित्रातील प्रत्येक बिंदूवर रक्ताचा वेग थेट वाचता येतो. समजा, फुप्फुस धमनीचे छेदक्षेत्र ६ चौरस सेंमी आहे आणि संपूर्ण ठोक्यातील सरासरी वेग सेकंदाला १४ सेंमी आहे. या दोहोंचा गुणाकार सेकंदाला ८४ घन सेंमी, म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर येतो. हृदयाचे कार्य सुईशिवाय आणि नळीशिवाय असे मोजता येते. उजव्या व डाव्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या शाखांवर वेगवेगळे मापन केल्यास वाटणीही कळते. सामान्यतः उजव्या फुप्फुसाला निम्म्याहून थोडे अधिक रक्त मिळते. जन्मजात हृदयविकाराची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांत ही वाटणी वारंवार पाहावी लागते.

त्याच चित्रमालिकेतून धमनीची लवचीकताही समजते. निरोगी फुप्फुस धमनी प्रत्येक ठोक्याला फुगते व ओसरते. ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनी २००७ मध्ये असे दाखवले की, फुप्फुसीय उच्च रक्तदाबाच्या ज्या रुग्णांत छेदक्षेत्रातील हा बदल १६ टक्के किंवा त्याहून कमी होता, त्यांचे आयुर्मान इतरांपेक्षा कमी होते. उजव्या निलयाचे आकारमान, भिंतीचे वस्तुमान आणि प्रत्येक ठोक्याला बाहेर जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण यांच्या मापनात एमआरआयला सर्वांत विश्वसनीय पद्धत मानतात. या निलयाचा आकार चंद्रकोरीसारखा वेडावाकडा असल्याने इकोकार्डियोग्राफीत ते पूर्ण सापडत नाही.

झेनॉन वायूची पद्धत वेगळ्या वाटेने जाते. लेझरच्या साहाय्याने झेनॉन-१२९ या समस्थानिकाचे चुंबकन हजारो पटींनी वाढवतात आणि रुग्णाला तो हुंगायला देतात. हवेत, वायुकोशाच्या पडद्यात आणि तांबड्या पेशीत अशा तीन ठिकाणी या वायूची कंप्रता वेगवेगळी असते. त्यामुळे वायू फुप्फुसात पोहोचला पण रक्तात उतरला नाही, असा भेदही करता येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये या वायूला मान्यता दिली, पण ती वायुवीजनाच्या चित्रणापुरतीच. त्यासाठी खास उपकरणे लागत असल्याने ही पद्धत मुख्यतः संशोधन केंद्रांत वापरली जाते.

विकारानुसार उपयोग

फुप्फुसीय उच्च रक्तदाब : फुप्फुस धमनीतील सरासरी दाब विश्रांतीत २० मिमी पाऱ्याहून अधिक असल्यास हा विकार मानला जातो. २०१८ पूर्वी ही मर्यादा २५ मिमी होती. निदान निश्चित करण्यासाठी हृदयाच्या उजव्या बाजूत नळी घालून दाब मोजावाच लागतो; एमआरआय दाब थेट मोजत नाही. मात्र रोग कितपत वाढला आणि औषधांचा उपयोग होतो आहे का, हे पुनःपुन्हा पाहण्यासाठी ती सोयीची ठरते. युरोपातील हृदयरोग व श्वसनरोग संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उजव्या निलयातून प्रत्येक ठोक्याला ५४ टक्क्यांहून अधिक रक्त बाहेर जात असल्यास धोका कमी, तर ३७ टक्क्यांहून कमी जात असल्यास धोका अधिक समजतात.

फुप्फुस अंतर्कीलन : पायाच्या शिरेतील गुठळी सुटून फुप्फुस धमनीत अडकणे, हा प्राणघातक प्रकार होय. येथे एमआरआयच्या मर्यादा स्पष्ट झाल्या आहेत. सात केंद्रांत ३७१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायोपेड-३ या अभ्यासात चतुर्थांश रुग्णांची चित्रे निदानास पुरेशी निघाली नाहीत. पुरेशी असलेल्या चित्रांत गुठळी दिसली, तर ती जवळपास निश्चित असे. परंतु गुठळी असलेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे २२ जणांत ती चित्रात दिसली नाही. सीटी अँजिओग्राफी अधिक जलद व अधिक खात्रीची असते. गुठळ्या वेळीच न विरघळता धमनीच्या भिंतीला चिकटून राहिल्यास पुढे उच्च रक्तदाब होतो. हा प्रकार शस्त्रक्रियेने बरा होऊ शकत असल्याने तो ओळखणे आवश्यक असते, आणि त्यासाठी रक्तभरण चित्रण उपयुक्त आढळले आहे.

सीओपीडी : धूम्रपान, चुलीचा धूर आणि कामाच्या ठिकाणची धूळ यांमुळे होणारा हा विकार श्वासनलिकांचा मानला जात असला, तरी त्यात केशवाहिन्याही नष्ट होतात. विकार सौम्य असतानाच फुप्फुसातील सूक्ष्म रक्तप्रवाह घटलेला असतो, असे एमआरआय अभ्यासांत दिसून आले. अमेरिकेतील २,८१६ व्यक्तींच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, वातस्फीतीचे प्रमाण जितके अधिक तितके डाव्या निलयात रक्त कमी भरते, असे आढळले. म्हणजे हृदय अशक्त नसते; त्याच्याकडे पोहोचणारे रक्तच कमी असते.

क्षयरोग : जुन्या क्षयाच्या पोकळीजवळील धमनी फुगून फुटल्यास खोकल्यातून रक्त पडते. अशा वेळी रक्तस्रावाचे ठिकाण शोधण्यासाठी सीटी अँजिओग्राफीच करावी लागते. एमआरआयला येथे फारसे स्थान नाही.

सिकलसेल विकार आणि विदर्भ

महाराष्ट्रात सिकलसेल विकाराचे प्रमाण विदर्भात तसेच नंदुरबारच्या परिसरात लक्षणीय आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया, यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यातील मेळघाट येथे आदिवासी तसेच इतर समाजांतही तो आढळतो. या विकारात प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि लहान वाहिन्यांत अडकतात. फुप्फुसांवर त्याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे ताप, छातीत दुखणे आणि धाप यांसह अचानक येणारा तीव्र झटका. दुसरा म्हणजे वर्षानुवर्षे नकळत वाढणारा फुप्फुसीय उच्च रक्तदाब. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. त्यात भर आहे तो रक्ततपासणीवर, आणि ते योग्यच आहे. तथापि, निदान झालेल्या तरुण रुग्णाला जिना चढताना धाप लागू लागली, तर तिचे कारण केवळ रक्तक्षय असे गृहीत धरले जाण्याचा धोका असतो.

या रुग्णांत इकोकार्डियोग्राफी ही पहिली चाळणी असते, पण ती फसवी ठरू शकते. फ्रान्समधील ३९८ प्रौढ सिकलसेल रुग्णांच्या २०११ च्या अभ्यासात इकोवरून २७ टक्के रुग्णांत उच्च दाबाचा संशय आला. नळी घालून मोजल्यावर तो केवळ ६ टक्क्यांत खरा निघाला. रक्तक्षयामुळे हृदय मुळातच जादा रक्त ढकलत असते, हे त्याचे एक कारण होय. वाढलेला प्रवाह आणि वाढलेला अडथळा यांत फरक करण्यास एमआरआयचे प्रवाहमापन साहाय्यभूत ठरते. वारंवार रक्त द्यावे लागलेल्या रुग्णांत यकृत व हृदयात साठलेले लोहही याच यंत्राने मोजता येते. मात्र या विकारात मूत्रपिंडेही बिघडत असल्यामुळे गॅडोलिनियम देण्यापूर्वी त्यांची तपासणी आवश्यक ठरते.

कापसाच्या पट्ट्यातील जिनिंग-प्रेसिंगच्या धुळीमुळे होणारा विकार हा मुख्यतः श्वासनलिकांचा असतो. त्यासाठी फुंकून करावयाची स्पायरोमेट्री ही साधी तपासणी अधिक उपयोगी पडते. धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे किंवा पुलगाव यांसारख्या गावांतील रुग्णाला हृदय व फुप्फुस यांच्या विशेष एमआरआयसाठी वर्धा, अमरावती किंवा नागपूरच्या मोठ्या रुग्णालयाकडे जावे लागते. केवळ यंत्र असणे पुरेसे नसते. प्रवाहमापनाची संगणकप्रणाली, हृदयाच्या ठोक्याशी जुळवून चित्रे घेणारा तंत्रज्ञ आणि ती वाचणारा क्ष-किरणतज्ज्ञ, हे तिन्ही असल्याची चौकशी वेळ घेतानाच केल्यास प्रवास वाया जात नाही. इको, स्पायरोमेट्री आणि आधीचे सीटीचे अहवाल सोबत नेणे हिताचे असते. त्यांच्याशी तुलना केल्याखेरीज एमआरआयच्या आकड्यांना अर्थ येत नाही.

सुरक्षितता

गॅडोलिनियमयुक्त द्रव्य आणि मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांत त्वचा व ऊती कठीण होण्याचा दुर्मीळ विकार यांचा संबंध २००६ मध्ये लक्षात आला. त्यानंतर जुन्या रेषीय रचनेच्या द्रव्यांचा वापर कमी झाला; युरोपात २०१७ मध्ये त्यांतील अनेकांवर निर्बंध आले. गरोदरपणात हे द्रव्य शक्यतो टाळतात. हृदयातील पेसमेकर, मेंदूतील धमनीवर बसवलेली क्लिप किंवा डोळ्यात गेलेला लोखंडी कण यांची माहिती आधी देणे अत्यावश्यक असते.

फुप्फुसविकाराच्या रुग्णांना आणखी एक वेगळा धोका असतो, तो प्राणवायूच्या सिलिंडरचा. १.५ टेस्लाचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असते. अतिसंवाहक चुंबक तपासणी चालू नसतानाही, रात्री दिवे मालवल्यावरही, पूर्ण शक्तीने कार्यरत असतो. यंत्राजवळ आलेला लोखंडी सिलिंडर क्षणार्धात हातातून सुटून आत खेचला जातो. नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी मुंबईतील एका रुग्णालयात दोन कर्मचारी सिलिंडर आणि यंत्र यांच्यामध्ये सुमारे चार तास अडकून पडले होते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात आपल्या आप्तासाठी सिलिंडर घेऊन खोलीत गेलेल्या तरुण नातेवाइकाचा मृत्यू झाला. यंत्र बंद असल्याचे त्याला सांगण्यात आले होते, असे त्याच्या कुटुंबीयांचे म्हणणे होते. प्राणवायूवर असलेल्या रुग्णासाठी भिंतीतील नळीतून येणारा पुरवठा किंवा चुंबकीय कक्षासाठी प्रमाणित केलेला ॲल्युमिनियमचा सिलिंडरच वापरला जातो. रुग्णाची खुर्ची व स्ट्रेचरही चुंबकाकडे न खेचली जाणारी असावी लागतात. बाहेरून आणलेला सिलिंडर कक्षाच्या दाराबाहेरच ठेवावा लागतो, मग तो कोणीही आत न्यायला सांगितला असला तरी.